निशाणी बांगडी

माझे आजोबा १९१८ सालीच वारले असं सरकारी रजिस्टरात लिहिलंय. आणि मी त्याच आजोबांच्या मांडीवर बसून हुरडा खाल्लाय, साधारण ८५-८६ च्या हिवाळ्यात, तोंड काळं होईपर्यंत.

रजिस्टर म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण गेलं ते कोतवालानं येऊन सांगायचं आणि लिहिणाऱ्यानं मोडी लिपीत लिहून ठेवायचं. नोव्हेंबर १९१८ च्या पानावर आमचं आडनाव, पुढं ‘विठू बापू’, जात, आणि मरणाचं कारण, ताप. वयाचा रकाना पानाच्या पार कडेला होता आणि ती कडाच आता राहिलेली नाही, भाजलेल्या पापडासारखी मोडून गेलीय. आमच्या आबांचं नाव विठू, त्यांच्या वडलांचं बापू. गावात आमच्या आडनावाची तीन घरं, बाकीच्या दोन घरांत विठू नावाचं कुणी झाल्याचं कुणाला आठवत नाही. मग हा कोण?

सुरू झालं ते अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर. वारस नोंद करायची म्हणून दादानं अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडला आणि वंशावळ लिहायला बसला. ती शपथेवर द्यायची असते, वरती मूळ पुरुष आणि त्याखाली फांद्या. (मूळ पुरुषच. मूळ बाई असा प्रकार त्यात नसतो, पण हे माझ्या डोक्यात फार नंतर आलं, तेव्हा मी नुसती चहा करत होते.) दादानं बॉलपेननं कच्चा कागद काढला: बापू, विठू, अण्णा, आम्ही. चार मजली घर. बापूच्या वर कोण म्हटलं तर आई, काकू, दादा सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सव्वाशे वर्षं त्याच मातीत राहिलेलं घराणं, दर दसऱ्याला त्याच देवाला जाणारं, आणि चौथ्या पिढीला पाटी कोरी.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पाटणच्या बाजूला. नाव नाही लिहीत, भावकी फेसबुकवर असते.

त्याच वेळेला, म्हणजे २०२३ च्या शेवटी, अख्ख्या महाराष्ट्रात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं चालू होतं. शिंदे समिती नेमलेली, तहसील कचेऱ्यांतली वर्षानुवर्षं न उघडलेली कपाटं उघडली जात होती, रुमाल सुटत होते. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कागदांचा गठ्ठा ज्या फडक्यात बांधून ठेवतात ते. मोडी वाचणाऱ्या माणसाला अचानक डॉक्टरासारखी किंमत आली होती, त्यांच्या नंबरसाठी लोक ओळखी काढत होते. दादाच्या पोराचं बारावीचं वर्ष, त्यामुळं दादाही त्या रांगेत. मी त्याच्याबरोबर गेले ते खरं तर सोबत म्हणून. पण एकदा ते रजिस्टर समोर आल्यावर गंमत अशी झाली की सगळ्यांची बोटं जातीच्या रकान्यावरून खाली सरकत होती आणि माझं बोट नावाच्या रकान्यावर अडकून बसलं. दादाला त्याची नोंद दोन तासांत सापडली, फोटो काढला, सर्टिफाईड नकलेचा अर्ज दिला, काम झालं. माझं काम तिथून सुरू झालं आणि दीड वर्ष झालं तरी संपलेलं नाही.

पहिली गोष्ट कळली ती ही की हे कागद आपल्यासाठी लिहिलेलेच नाहीत. १८४८ ला सातारचं राज्य खालसा झालं, मग इंग्रजांची मोजणी आली, सर्व्हे नंबर पडले, आणि सरकारला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच की या तुकड्याचा शेतसारा कोण भरणार. जो भरणार त्याचं नाव. त्याला भाऊ किती, बहिणी कुठं दिल्या, आई कुठल्या गावची, याच्याशी कुणाला काय करायचंय. त्यातून नंतर एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. म्हणजे आम्ही ज्याला पिढ्यानपिढ्या ‘आंबीचं शेत’ म्हणतो त्याला जुन्या कागदात एक नंबर, नव्या कागदात दुसरा, आणि आंबी तर मी जन्मायच्या आधीच तोडलेली. ‘आपले अभिलेख’ या साईटवर जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, स्कॅन करून ठेवलेत, मी रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसायची आणि फेरफारातून मागं मागं जायची, एखाद्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं. काही पायऱ्या जाग्यावर नाहीतच. पानं फाटलेली, नाहीतर स्कॅन असा काळा की नुसता डाग.

तारखांवर तर विसंबूच नका. अण्णांचा वाढदिवस १ जून, त्यांच्या चुलतभावाचा १ जून, त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी पोराकडं बघितलं, अंदाजानं साल टाकलं आणि तारीख सगळ्यांना सारखी. आजी सांगायची अण्णा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे. म्हणजे भाद्रपद लागता लागता. पण जिल्हा परिषदेच्या सेवापुस्तकात १ जून, पेन्शनीला १ जून, आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं वयही त्या १ जूनवरूनच काढलेलं.

आणि नावं! आपल्याकडं आज्याचं नाव नातवाला. त्यामुळं आमच्या घरात विठू बापू, बापू विठू, विठू बापू, बापू विठू अशी मंगळसूत्रातल्या मण्यांसारखी एक काळा एक सोनेरी रांग. जुन्या कागदात मध्ये ‘बिन’ घालतात, म्हणजे अमक्याचा मुलगा, विठू बिन बापू. कुठला विठू आणि कुठला बापू ते साल बघून ठरवायचं, आणि साल असतं शकात किंवा फसली या महसुली सनात. मी सुरुवातीला एका खापरपणजोबाला सलग ऐंशी वर्षं जमीन कसायला लावली होती. एक्सेलमध्ये. मग लक्षात आलं हे दोन माणसांचं आयुष्य आहे, एकाच नावाखाली.

आता १९१८ चा विठू. मोडीवाले काका, म्हणजे एक रिटायर्ड शिक्षक, त्यांनी ते पान वाचताना चष्मा काढला आणि नुसतं म्हणाले, मानमोडी. त्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडं मानमोडी म्हणायचे. सप्टेंबर ते डिसेंबर त्या सालात हिंदुस्थानात कोटीच्या वर माणूस गेला. हा आकडा मी वाचलेला होता, पण आकड्याचं काही वाटत नाही. त्या रजिस्टरात एरवी महिनाभराच्या नोंदी अर्ध्या पानात मावतात, कुठं पटकी, कुठं देवी, कुठं पान लागलं, म्हणजे साप चावला. नोव्हेंबर १९१८ ला मात्र पानामागून पान, आणि कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘ताप’ आणि खाली नुसत्या रेघा. वरच्याप्रमाणे, वरच्याप्रमाणे, वरच्याप्रमाणे. मग अक्षरही बदललंय मध्येच. दुसऱ्या कुणीतरी लिहायला घेतलंय. पहिल्याचं काय झालं ते विचारू नये.

मी मागं गेले. १९१६ ला एक जन्म, ‘बापू विठू यास मुलगा’. १९२१ ला परत, ‘बापू विठू यास मुलगा’. नाव दोन्हीकडं नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच कोतवाल जाऊन सांगून आलेला. दोन मुलगे, आणि घरात सगळ्यांना माहीत असलेला मुलगा एकच. मी थोरल्या आत्यांना फोन लावला. आत्या चौऱ्याऐंशीच्या, कराडला असतात, ऐकायला कमी येतं म्हणून मी ओरडत होते आणि शेजारचे दार उघडून बघत होते.

“आत्या, आबांना थोरला भाऊ होता का?”

“व्हता की. पयला इठू. मानमोडीत गेला ना त्यो. मग आबा झाल्यावर तेच नाव ठेवलं.”

“मग हे कधी कुणी बोललं कसं नाही?”

“आगं, कुणी इचारलं न्हाई. म्हणून तर आबांचं नाक टोचलं नव्हतं का?”

मी फोन धरून तशीच उभी. आबांच्या नाकाच्या डाव्या पाळीला एक बारीक भोक होतं. आम्ही पोरं त्यात ज्वारीच्या धाटाची काडी घालायचा प्रयत्न करायचो आणि ते शिंकल्याचं नाटक करायचे. मूल जगत नसलं की पुढच्याचं नाक टोचायचं, नाहीतर नाव धोंडू, केरू, दगडू ठेवायचं, म्हणजे मरणाला वाटावं हे काही घेण्यासारखं नाही. आमच्या घरी नाव मोठ्याचंच ठेवलं आणि नाक टोचलं. म्हणजे मी चार महिने कागद चाळत होते आणि पुरावा आबांच्या तोंडावर होता, मी त्यात काड्या घालत होते.

या एका शोधावर खरं तर थांबायला हरकत नव्हती. पण तोवर मला दुसरंच काहीतरी खटकायला लागलं होतं. मूळ पुरुष मी दोन पिढ्या मागं नेले होते, दादा खूश, व्हॉट्सॲपच्या ‘परिवार’ ग्रुपवर अंगठे आले. पण या सगळ्या विठूंच्या नि बापूंच्या बायका कुठायत? कोतवाल बुकात ‘यास मुलगा’, म्हणजे बापाला मुलगा, जणू त्यानंच जन्म दिला. मुलगी झाली तर ‘यास मुलगी’, तिचं नाव कधीच नाही, आणि मग ती लग्न होऊन जाते, सासरी तिचं नाव बदलतात, की माणूस संपला. सातबाऱ्यावर बाई येते ती बहुतेक ‘अ.पा.क.’ म्हणून, अज्ञान पालनकर्ती. पोरगा अज्ञान, म्हणजे लहान, आहे तोवर. पोराला मिसरूड फुटलं की तिच्या नावाला कंस. कंस म्हणजे गेला, कमी केला.

बापूची आई, म्हणजे माझी खापरपणजी, तिचं नाव घरात कुणालाच येत नव्हतं. आत्यांनाही नाही. “म्हातारीच म्हणायचे समदे,” एवढंच.

ती सापडली ट्रंकेत. अण्णांची पत्र्याची ट्रंक, तिच्यात तळाला पिवळ्या फडक्यात सहा-सात कागद. पाचांत काही नव्हतं, सारा भरल्याच्या पावत्या. एक स्टॅम्पपेपर, वर राणीचा शिक्का, खाली दाट मोडी. मी मधल्या काळात पुण्यात मोडीचा वर्ग केला होता, पण वर्गातली मोडी आणि कागदावरची मोडी यात पोहण्याच्या तलावाचं आणि कृष्णेच्या पुराचं अंतर आहे. आधी अख्खी ओळ आखून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. मी तीन रविवार घालवून ‘शके १८२२’ आणि ‘जोंधळे’ एवढं लावलं आणि काकांकडं गेले.

शके १८२२, म्हणजे १९००. मुंबईत प्लेग १८९६ ला आला, गिरण्यांतली माणसं गावाकडं पळाली आणि रोगही बरोबर आला. घरात एवढं सांगतात की बापूचा बाप मुंबईहून आला आणि गाठीनं गेला. त्यात १८९९ चा दुष्काळ. त्या दुष्काळातून उठताना हा कागद झालाय. लिहून देणार विधवा बाई, लिहून घेणार तिचा दीर. विहिरीच्या पाण्याची आमच्या वाट्याची पाळी तिनं दिराला सोडून दिली, स्वतःतर्फे आणि अज्ञान मुलगा बापू याच्यातर्फे, आणि बदल्यात त्यानं तिला सालीना जोंधळे तीन मण आणि एक लुगडं द्यायचं. राजीखुशीनं, असं लिहिलंय. तसं सगळ्याच कागदांत लिहितात. तीन मण जोंधळ्यात बाई आणि सात वर्षांचं पोर वर्षभर कसं राहायचं ते मी हिशेब करून बघितलं, आणि पुढं नाही बघितलं. त्या विहिरीच्या पाळीवरून आमच्यात आणि त्या घरात आजही बोलाचाली नाही, बरं का. कारण काय ते दोन्ही घरांत कुणाला माहीत नव्हतं, भांडण तेवढं जपून ठेवलेलं.

कागदाच्या खाली साक्षीदार. तिघांपुढं ‘निशाणी नांगर’, आणि एक छोटासा नांगर काढलेला, लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही. आणि त्यांच्या वर, लिहून देणाराच्या जागी, ‘निशाणी बांगडी’ आणि एक गोल.

मी तो गोल भिंगातून खूप वेळ बघितला. नाण्याएवढाही नाही, चार आण्याच्या नाण्याच्या निम्मा. पूर्ण मिटलेला नाही, जिथं सुरू झाला तिथं परत पोचताना थोडा चुकलाय आणि रेघ आत गेलीय. तिनं स्वतः काढला की लिहिणाऱ्यानं काढून तिचा हात लावून घेतला, सांगता येत नाही. त्याच्या पुढं तिचं नाव आणि ‘कोम विठू’. कोम म्हणजे अमक्याची बायको, बिनला बाईचा जोड. नावाचं पहिलं अक्षर वाळवीनं खाल्लंय. उरलंय ते ‘खमा’. रखमा किंवा लखमा. काकांनी कागद उजेडात धरला, पालथा करून बघितला, शाई मागं उमटलीय का ते बघितलं. “एवढं एकच खाल्लं बघ तिनं,” म्हणाले. वाळवीला.

मग मी नाशिकलाही जाऊन आले. रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांच्या लांबलचक वह्या असतात, गावाचं आणि आडनावाचं सांगितलं की ते तुमचं पान काढतात, कोण कधी आलं होतं, बरोबर कोण होतं, सगळं. मला खात्री होती की तिथं मिळेल, कारण बायका तीर्थाला जातात, सातबाऱ्यात नाही तर तिथं तरी असतील. गुरुजींनी अर्ध्या तासात पान काढलं, खरंच कौतुक वाटलं. बापू विठू आला होता, लग्नानंतर कधीतरी. बरोबर बायको काशी, आणि ‘मातोश्रींसह’. मातोश्रींसह! पोराला नाव घ्यायची चोरी झाली असेल, आईचं नाव कसं घ्यायचं म्हणून. मान म्हणूनच केलं असणार ते. गुरुजींनी वही माझ्यासमोर धरली, तुम्ही आज आलात त्याची नोंद करा म्हणाले, आणि मी पेन हातात घेऊन अडले की माहेरचं नाव लिहू का सासरचं. पान माहेरचं होतं. दोन्ही लिहिली.

आत्यांना परत फोन केला, रखमा का लखमा विचारायला. ते नाही सांगता आलं त्यांना, पण म्हणाल्या म्हातारीची म्हणून एक ओवी त्यांची आजी जात्यावर म्हणायची, ती येते. आणि फोनवर, त्या कापऱ्या आवाजात:

“आडवी तारळी, कशी उतरू एकली,
पल्याड माझा बंधू, त्यानं सांगड टाकली.”

म्हणजे माहेर तारळी नदीच्या पलीकडं. त्या काठाला गावं डझनभर. सांगड म्हणजे भोपळे बांधून नदी उतरायची ती, आता कुणी बघितलेलीही नसेल. भाऊ सांगड घेऊन आला होता की नव्हता, शके १८२२ ला, ते ओवीत नाही. साक्षीदारांत तिच्या माहेरचं कुणी दिसत नाही, तिघंही आमच्याच आडनावाचे.

इकडं वारस नोंदीचं काम चाललंच होतं. दादानं एक दिवस जेवताना, भाकरी मोडत, खाली बघून विचारलं, “हक्कसोड करायचं का गं? म्हणजे तुझं काय म्हणणंय.” वाईट बुद्धीनं नाही, सगळीकडं तसंच चालतं, बहिणी येतात, चहा घेतात, सही करतात, साडी घेऊन जातात. माझ्या मैत्रिणींपैकी बहुतेकींनी केलंय. २००५ पासून कायद्यानं मुलीचा मुलाएवढाच हक्क आहे आणि त्यानंतर हक्कसोडपत्रांचीच रांग लागली, हे आपण सगळे जाणतो. जुन्या फेरफारात बाईचं नाव बघायचं असेल तर सोप्पं आहे, ती काहीतरी सोडून देत असेल तिथं बघायचं.

मी म्हटलं, बघू. दादा काही बोलला नाही. मग उठला, हात धुतले, आणि टेबलावर काचेखाली ठेवलेला तो स्टॅम्पपेपर परत थोडा वेळ वाचत उभा राहिला, म्हणजे त्याला मोडी येत नाही, तो नुसता बांगडीकडं बघत असणार. दुसऱ्या दिवशी त्यानं वंशावळीचा कागद नवा काढला. आईचं, माझं, त्याचं, तिघांची नावं वारसांत. आणि वरती बापूच्या वडलांशेजारी एक चौकोन काढून त्यात लिहिलं, ‘–खमा’. मी म्हटलं अरे असलं चालणार नाही, शपथेवर द्यायचंय. मग पक्क्या कागदात काढून टाकलं. कच्चा कागद मी ठेवलाय.

नोटीस निघाली, पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला. परवा सातबारा डाऊनलोड केला. नाव आलंय माझं. पहिलं नाव माझं, मधलं नवऱ्याचं, आणि आडनाव माहेरचं, अशी कुठलीच बाई आधारवर नाही नि पॅनवरही नाही. दुरुस्तीला अर्ज लागतो, कलम १५५ खाली, आणि सोबत लग्नाआधीच्या नावाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला. तो आईकडं आहे बहुतेक, त्याच ट्रंकेत.